फेऱ्याचे दहा हजार भाग

९ जानेवारी २००६
एन्कोडर ठरला. ड्रिलच्या टेबलाची मोटर किती फिरली ते हाच सांगणार. दीपक, आमचा डिग्रीवाला, म्हणत होता, ‘अण्णा, अ‍ॅब्सोल्यूट घ्या. लाइट गेली तरी टेबल कुठंय ते विसरत नाही.’ त्याच्यात फेऱ्याचे ४०९६ भाग. मी ठरवला त्यात दहा हजार; लाइट गेली की विसरतो, एवढंच. लाइट आली की टेबल एकदा शून्यावर नेऊन आणायचं. कंट्रोलर सुरू झाला की त्याचा पडदा स्वतःच शून्य मागेल — प्रोग्राम मीच लिहिलाय. कॉलेजचं तोंड न बघता.

१० जानेवारी
कंट्रोलरला यूपीएस जोडला. लोडशेडिंगमध्ये तो बंद पडायला नको.

१४ मार्च
वाल्मीकची दोन बोटं गेली. वीस वर्षांचा ऑपरेटर. लाइट नव्हती तेव्हा त्यानं टेबल हातानं ढकलून ड्रिलखालचा तुकडा, जॉब, काढला. लाइट आल्यावर नवा बसवला, बटण दाबलं. टेबल हाताच्या अलीकडे थांबायला हवं होतं. चार इंच पुढं आलं.
घरी जेवलो. काय होतं ते आठवत नाही.

१६ मार्च
मालक म्हणाले, ‘मशीन तुमचं, अण्णा. लिहून द्या.’ दिलं — ऑपरेटरने शून्य न घेता मशीन चालवले. सही केली. आता त्याला परत कामावर घेणार नाहीत.

१७ मार्च
दीपक दवाखान्यात जाऊन आला. ‘वाल्मीक म्हणतो, पडद्यानं शून्य मागितलंच नाय.’
‘मागतोच,’ म्हटलं.

१८ मार्च
शनिवार. पाळी सुटली. कारखान्यात एकटाच. मेन बंद केला, टेबल चार इंच ढकललं, मेन चालू केला. पडद्यावर जुनाच आकडा. मागितलं नाही. एन्कोडर मेनवर, कंट्रोलर यूपीएसवर. एक मेलेला, दुसरा जागा. लाइट गेलीये हे कंट्रोलरला कळतच नाही.
सात वेळा केलं.

२० मार्च
जुना कागद मालकांकडून परत घेतला. नवा दिला — चूक माझी. मग दवाखान्यात. वाल्मीकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘मी म्हणलो व्हतो ना अण्णा तुम्हाला. टेबल जागा सोडून थांबतंय. शिवजयंतीच्या आदल्या दिवशी.’
मला आठवेना. घरी येऊन ही वही चाळली.

१८ फेब्रुवारी. माझंच अक्षर. ‘वाल्मीक टेबलाची तक्रार घेऊन आला. त्याला मशीनमधलं काय कळतं.’