सांभाळा, आले!

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (इथली माझी खोली इतकी चिंचोळी आहे की साष्टांग घातला तर पाय दाराबाहेर व्हरांड्यात जातात आणि त्यांवरून चहाची गाडी जाते. तेव्हा तो मनोमन घातला आहे, तसाच स्वीकारावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी तुमच्याशी बोलायला लागली का? माझी तब्येत उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम आहे. येताना आणलेल्या कपड्यांपैकी आता फक्त ओढणी बसते.

निघताना विमानतळावर तुम्ही केलेलं भाषण अजून कानात घुमतंय. "आपल्या घराण्यात आजवर सगळ्यांनी सेवा करून घेतली, सेवा करायला निघालेली ही पहिलीच!" यावर रांगेतल्या अनोळखी लोकांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. (तुम्ही सामानाच्या ढकलगाडीवरून खाली उतरलात म्हणून वाजवल्या, असं आईचं म्हणणं आहे.) तर त्या सेवेचं नेमकं काय झालं, हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून हा पत्रप्रपंच.

आम्हा स्वयंसेवकांना इथे बोलावणाऱ्या संस्थेच्या संचालकबाई फार मोठ्या आहेत. त्या चालत नाहीत, पाहणी करतात. बोलत नाहीत, संबोधतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला संबोधलं, की तुम्ही म्हणजे एकाकी वृद्धांच्या आयुष्यातला प्रकाश आहात. मग एकेका प्रकाशाला एकेक वृद्धाश्रम वाटून दिला आणि त्या पाहणीला निघून गेल्या. काम काय, तर तिथेच राहून सोबत करायची. जेवणघरात सगळ्या आजी-आजोबांसमोर उभं राहून मी विमानात पाठ केलेलं वाक्य खणखणीत म्हटलं: "मी तुम्हाला सांभाळायला आले आहे." निदान माझी तशी समजूत होती. या लोकांच्या भाषेत 'सांभाळायला आले' आणि 'सांभाळा, आले' यांच्यात शब्दाच्या फक्त एका शेपटीचा फरक आहे, आणि ती शेपटी मी विमानातच विसरले होते.

 एका निवृत्त पोस्टमन आजोबांनी डोळे पुसले आणि उठून मला त्यांची खुर्ची दिली. एका आजीने स्वतःच्या ताटातली वाटी माझ्यापुढे सरकवली. कोणीतरी खांद्यावर शाल टाकली. मला वाटलं, काय हे लोक! सेवा करणाऱ्याचा किती हा मान! घरी फोन करून मी आईला सांगितलंसुद्धा, की आपल्याकडे ही दृष्टी नाही. (तुम्ही ते वाक्य तुमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात वापरलंत असं ऐकलं. कृपया परत घ्यावं.)

माझ्या शेजारच्या खोलीत एक आजी होत्या. उभी हयात बसमध्ये कंडक्टर. नवरा गेल्यावर लेकाने इथे आणून सोडलं, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. जेवण खोलीत, बोलणं बंद. डॉक्टर म्हणत, पाय ठणठणीत आहेत, फक्त उठायचं कारण राहिलेलं नाही. संध्याकाळी त्यांच्या कानावर बातमी गेली, की परदेशातली एक मुलगी आलीय, घरच्यांनी बहुतेक टाकलेली, धड बोलताही येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघते तर कंडक्टर आजी हातात कंगवा घेऊन उभ्या. माझे केस बघून त्या कळवळल्या. "काय ही दशा! कोणी विंचरणारं नाही का गं तुला?" (हे केस मी खास येण्याआधी मोठ्या हौसेने तसे कापून घेतले होते.)

तिथून जी सुरुवात झाली ती थांबेना. आजी मला उठवत, जेवायला बसवत, पुढे घालून बागेत फिरवत. मी त्यांचा हात धरायला गेले की त्या माझाच हात घट्ट धरत. पत्त्यांत लबाडी करत आणि पकडल्या गेल्या की, "पोरीला अजून खेळ कळत नाही," असं सगळ्यांना समजावत. आपल्या सेवेला काय फळ येतंय या विचाराने मी रोज नव्याने भारावत होते. हळूहळू भाषा कानात बसली आणि एक दिवस ती शेपटी सापडली. मामा, मी गार पडले. धावत आश्रमाच्या नर्सबाईंकडे गेले आणि म्हटलं, मी आत्ता जाऊन आजींना खरं सांगते.

नर्सबाई औषधांचा ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "ती बाई अंथरुणातून का उठली, माहितेय ना? तुझ्याकडे बघायला कोणी नाही म्हणून. आता तू शहाणी झालीस, तर ती परत भिंतीकडे तोंड करील. जमलं तर एवढी सेवा कर. काही शिकू नकोस."

ऐतं खाणं हे किती कष्टाचं काम आहे, हे घराण्यातल्या पुरुषांना ठाऊक असेल, मला नव्हतं. येत असलेली गोष्ट येत नाही असं दाखवायला भलती शिस्त लागते. उलटा स्वेटर घालायचा. दार ढकलायचं तिथे ओढायचं. चमचा पाडायचा. आजींच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं आणि आवाज तर असा चढला, की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बसमध्ये असल्यासारखे आपोआप पुढे सरकायला लागले.

मग आजींच्या मनाने घेतलं, की पोरीने समुद्र बघितलेला नाही. (बघितलाय. पण म्हणायचं नाही.) नर्सबाईंनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं आणि आम्ही निघालो. बसचा नंबर आजींना तोंडपाठ होता, त्यामुळे ड्रायव्हरला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. मधल्या काळात त्या नंबरची बस समुद्राकडे पाठ फिरवून जायला लागली आहे, हे त्यांना कोण सांगणार? बसमध्ये चढल्याबरोबर त्यांनी उभ्या माणसांना आत सरकवलं, एकाचं गाठोडं उचलायला लावलं, शाळेच्या पोरांना झापलं. वाटेत समुद्राऐवजी कारखाना लागला तेव्हा त्या ड्रायव्हरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बंदर कुठंय?"

"बाई, बंदराला ही बस जात नाही."

"जाते. मी नेलीय."

वाद इतका वाढला की पुढच्या थांब्यावर आजी रागाने उतरल्या आणि त्यांच्या मागून मी. बस गेली. समोर बंद दुकानं, एक बाक, एक कुत्रं. आजी बाकावर बसल्या.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मला कळत नाहीये आपण कुठे आहोत."  आणि माझ्या डोक्यावरच बसचं वेळापत्रक लटकत होतं, त्यावर बंदराची बस स्पष्ट लिहिलेली, आणि ते मला आता व्यवस्थित वाचता येत होतं! वाचून दाखवलं असतं तर आम्ही समुद्रावर पोचलो असतो, पण ज्या आजी निघाल्या होत्या त्या पोचल्या नसत्या. मी त्या पाटीखाली उभी राहिले आणि मोठ्याने भोकाड पसरलं. (आधी खोटं, मग खरं. मलाही भीती वाटली होती.)

आजी ताडकन उठल्या. "रडायचं नाही! मी आहे ना?" डोळे पुसायला त्यांनी माझी मान वर केली आणि त्यांची नजर पाटीवर गेली. "हे काय! बंदराची बस इथूनच तर आहे. मी मुद्दाम इथे उतरवलं तुला." समुद्र बघितला. आजींनी तो मला असा दाखवला, जसा काही त्यांनीच सकाळी भरून ठेवला होता.

परत आलो तर दारात संचालकबाई. त्यांची पाहणी नेमकी त्याच दिवशी होती, सोबत देणगीदार आणि फोटोग्राफर. आजी गायब, मी गायब, बाई लालबुंद. पण आजी स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढताना दिसल्या आणि बाईंचा रंग क्षणात बदलला. त्या देणगीदारांना संबोधू लागल्या, "पाहा! आमच्या या स्वयंसेविकेने एका वृद्धेला अंथरुणातून उठवलं!"

आजींनी मागे वळून बघितलं, कोणाबद्दल चाललंय ते. मग त्यांना हसू आवरेना. "हिने? मला? अहो, हिला स्वेटर घालता येत नाही. मी आहे म्हणून जगतेय बिचारी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नर्सबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली आणि दार ढकलायचं तिथे ओढलं. देणगीदारांतल्या एका बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे मला एक घोंगडी भेट दिली. घोंगडी उबदार आहे.

असो. मामीला नमस्कार, आईला काळजी करू नकोस म्हणावं.

तुमची,
भाची

ता. क. संस्थेच्या माहितीपत्रकात माझा घोंगडीसह फोटो छापून आला आहे. खाली 'लाभार्थी' असं लिहिलंय. तुम्ही तो सोसायटीच्या फलकावर लावणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा खालचा भाग कापून लावावा.

ता. क. २. मुख्य मुद्दा राहिलाच. मला घरी एकटीला पाठवायला आजींचा जीव होत नाही. माझी माणसं कशी आहेत ते त्या स्वतः बघणार, म्हणून सोबत येताहेत. तुमची वरची खोली झाडून ठेवावी. त्या आहेत तोवर घरात कोणालाही काहीही येत असता कामा नये. मामीला, आईला आधीपासून सराव करायला सांगा. तुम्ही आहात तसेच राहा.