खिलाऱ्यांची वाघूर

बावडा, सोमवार, १२ ऑक्टोबर १९९२

आज वर्गात कोलंबस शिकवला. तो पलीकडच्या किनाऱ्याला लागला, त्याला आज पाचशे वर्षं झाली. त्याच्या आडनावाचा मूळ अर्थ कबूतर, हे सांगितल्यावर पोरं खिदळली. एकीनं विचारलं, "सर, तुमच्या खिलारेचा अर्थ काय?" मी ऐटीत सांगितलं, खिलार म्हणजे कळप, खिलारे म्हणजे कळप राखणारे. कशाला बोललो? मेंढरं तर दसऱ्यालाच विकली. सगळीकडं ऊस, चारायची कुठं? माझ्या वडिलांनी, आबांनी, फक्त वाघूर विकू दिली नाही. मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, तिला आता कोण घेतंय म्हणा.

संध्याकाळी आबांना वर्गातलं सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "कोलंबसाचं बरं हाय. त्येला कुणी इचारत न्हाय, कबुतरं कुठं गेली." आणि उठून बाहेर गेले.

थोड्या वेळानं बाहेर गेलो, तर अंगणात वाघूर ताणलेली. रोज दिवस मावळताना लावायचे तशीच. सवयीनं लावली? की माझ्या बोलण्यामुळं? सोडायला वाकलो, तर आबा आत, मधोमध घोंगडी घेऊन बसलेले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आत कुणीतरी हाय."