हँडलमधली कुईकुई

३ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळ.
मोटरसायकलच्या हँडलमधून आवाज येतो. कुईं, कुईं. सकाळी मोठ्या चौकात ट्रकशेजारी उभा होतो, सिग्नल सुटला आणि पहिल्यांदा ऐकला. घरापासून चौकापर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी आली होती.
शनिवारी मुलीची लायसन्सची टेस्ट याच गाडीवर आहे. एका लॅबने तिला घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायच्या कामावर घेतलंय, पण सोमवारी लायसन्स दाखवलं तरच. पोरीची पहिली नोकरी. टेस्ट घेणाऱ्या साहेबाने ही कुईकुई ऐकली तर? बुधवारच्या आत आवाज घालवायचा. संकल्प.

४ ऑगस्ट. सकाळ.
हँडलला तेल पाजलं. वरून, खालून, क्लचच्या वायरमध्ये, जिथे जाईल तिथे. उभ्या गाडीचं हँडल मनसोक्त फिरवलं. आवाज नाही. मोहीम फत्ते. हिला सांगितलं, मेकॅनिक लोकांची सद्दी संपली. ही म्हणाली, पुसायला माझाच टॉवेल सापडला का.

संध्याकाळ.
उतारावर पुन्हा. मागून बस हॉर्न मारत होती तेव्हा तर जोरातच. म्हणजे मोठ्या वाहनांच्या हवेने येतो. विचार करायला हवा.

५ ऑगस्ट.
मुलगी मैदानात सराव करून आली. आवाज आला का, विचारलं. नाही म्हणाली. दिवसभर कानात गाण्यांची बोंडं घालून बसणाऱ्यांना काय ऐकू येणार! मग तिला मागे बसवून मीच चौकात नेलं. कुईं. तिने मान पुढे काढून माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला किती घाम आलाय. उकाडाच तसा आहे.
गॅरेजमध्ये दाखवा, असं हिचं म्हणणं. त्या गॅरेजवाल्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. गेल्या वर्षी गाडी आडवी झाली (मी पडलो नव्हतो, गाडी पडल्यामुळे मला खाली यावं लागलं), तेव्हा चारचौघांत मला विचारतो, काका, आता रिक्षाने का नाही जात?

६ ऑगस्ट. रजा टाकली.
निदान झालं: कोनसेट. म्हणजे हँडल ज्या छर्‍यांवर फिरतं तो भाग. मोबाइलवर व्हिडिओ अर्धा बघितला, पुढचं कॉमन सेन्स. हँडल मी उतरवलं, छर्रे आपणहून उतरले. गटाराच्या जाळीपर्यंत गेले. ही आणि मुलगी गुडघ्यांवर बसून वेचत होत्या, मी टॉर्च धरून मार्गदर्शन केलं. एक मिळाला नाही. कंपनी एखादा जास्तीचा घालतच असणार.
मुलीने विचारलं, शनिवारचं काय? म्हटलं, शनिवार लांब आहे. ती हेल्मेट घेऊन आत गेली. मी टॉर्च घेऊन पुन्हा जाळीपाशी जाऊन बसलो. जेवायला उशीर झाला.

७ ऑगस्ट.
हँडल बसलं. आवाज सैलपणातून येतो हे मूळ तत्त्व, म्हणून नट पान्ह्यावर पाय देऊन आवळला. वळवायला थोडा जोर लागतो, पण दणकट वस्तूंचं असंच असतं. मुलीला सराव करायचा होता. नको म्हटलं, फिटिंग हलेल.

८ ऑगस्ट. शनिवार.
आठचा आकडा काढायचा होता. हँडल वळेचना. पहिल्याच वळणावर गाडी चुन्याच्या रेघेबाहेर गेली, तिने पाय टेकला, साहेबाने शिट्टी वाजवली. नापास. आवाज मात्र बिलकुल आला नाही, हे मी साहेबाच्या नजरेस आणून दिलं. मुलीने मला दंडाला धरून बाजूला नेलं.
पुढची टेस्ट सतराला. तिने गाडी ढकलत थेट गॅरेजला नेली, मागून मी, दोन्ही हेल्मेटं घेऊन. घरी हिने माझं ताट वाढलं आणि आपलं घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. लॅबला फोन मुलीने केला, दार लावून.

९ ऑगस्ट.
लॅबवाले अठरापर्यंत थांबतो म्हणाले. नंतर दुसरी मुलगी घेणार.
गॅरेजवाल्याने छर्रे नवे घालून नट सैल केला. मुलीने मला मागे बसवून चक्कर मारली. ट्रक झाला, बस झाली, उतार झाला. आवाज नाही. मग मला पुढे बसवलं. चौक आला, कुईं. सिग्नलला तिने मागून हात आणून माझ्या हातांवर ठेवले. म्हणाली, बाबा, मुठींचं रबर पिळताय तुम्ही. सोडा जरा. सोडलं, आवाज थांबला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, पुन्हा सुरू. तिने हळूच विचारलं, भीती वाटते का? रबर हलक्या प्रतीचं आहे, असं तिला सांगायचं होतं. त्याऐवजी गाडी कडेला घेतली आणि तिला पुढे बसवलं.

१७ ऑगस्ट.
पास. मी गेलो नव्हतो. येऊ नका म्हणाली होती. फोन येईपर्यंत गॅलरीत येरझाऱ्या घातल्या.

१८ ऑगस्ट.
कामावर जाताना मुलीने मला ऑफिसात सोडलं. यापुढे रोज सोडणार. निर्णय माझाच, तिला रहदारीची सवय व्हायला हवी.
चौकात शेजारी ट्रक आला आणि सीटमागच्या दांडीतून कुईकुई यायला लागली. बारीक, पण तीच. तिला म्हटलं, गाडी बाजूला घे, तपासतो. तिने घेतली नाही. दांडी सोडून माझे खांदे धरा, म्हणाली.
धरले. ऑफिस येईपर्यंत सोडले नाहीत.