समोर चाळ आहे, काळजी नसावी

३ मार्च
कीर्ती मॅडम फ्लॅट बघायला तिसऱ्यांदा आल्या. बाविसावा मजला, साडेनऊ कोटी, पश्चिमेला समुद्र. ब्रोशरात चिंचपोकळीला 'अपर परळ' म्हटलंय. मीही म्हणतो. पगार त्याचाच आहे.

मॅडमचा एकच प्रश्न — "समोर टॉवर उठून समुद्र झाकणार नाही ना?"

माझं ठरलेलं उत्तर — "मॅडम, समोर चाळ आहे. पुनर्विकासावर बावीस वर्षं भाडेकरूंचं एकमत नाही. होणारही नाही!"

त्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. हे ब्रोशरात नाही.

साहेब म्हणतात, बाजार गरम आहे, मोठी घरं वडापावसारखी खपतायत. माझ्याकडून मात्र चार महिन्यांत एकही नाही. ३१ पर्यंत बुकिंग झालं नाही तर मला नारळ. हसत हसत सांगितलं. घरात कमावता मी एकटा.

७ मार्च
चाळीची मीटिंग. एकमत झालं!! ऐंशीपैकी एकोणऐंशी सह्या. बिल्डरला सगळ्या हव्यात, मागाहून कोर्टकचेरी नको म्हणून. राहिलेली एक सही आमच्या बाबांची. "बघूया," एवढंच बोलतात. गुणाजी परबांचा हट्ट अख्ख्या चाळीला ठाऊक आहे.

सेक्रेटरी धनेशने बाजूला घेतलं. "विन्या, म्हाताऱ्याला समजाव रे. काकींचे हाल बघवत नाहीत."

खरंय. संडास गॅलरीच्या पार टोकाला आणि आईचे गुडघे गेलेले. चार वाजल्यानंतर पाणीच पीत नाही ती. नव्या घरात संडास आतच असेल.

म्हटलं, समजावतो.

८ मार्च
समजावलं नाही. आधी ३१ तारीख जाऊ दे, माझं बुकिंग होऊ दे.

१५ मार्च
मॅडम नवऱ्याला घेऊन आल्या. फ्लॅटच्या डेकवरून खाली आमच्या चाळीकडे बोट दाखवून — "त्या गॅलरीत बनियनवर बसलेत ते कोण?"

म्हटलं, "त्यांच्यामुळेच अडलंय सगळं. सहीच करत नाहीत."

नवरा म्हणाला, "वय काय यांचं?"

"सत्याहत्तर. पण काटक आहेत."

मॅडम खूश. "देव त्यांना उदंड आयुष्य देवो!"

मीही हो म्हटलं. माझेच बाबा, मला काय हरकत असणार?

२३ मार्च
आई पहाटे संडासला जाताना पडली. मनगट मोडलं. खुर्चीत बसवून खाली उतरवली, धनेश पुढे, मी मागे. कळा सोसत होती आणि जिन्यात मला म्हणते, "विनू, तुका कामाक उशीर जाता."

रडू फुटलं मला. सदतीस वर्षांचा घोडा! चाळीतले लोक म्हणाले, पोराचा जीव आहे हो आईवर. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ मार्च
मॅडमचा फोन. उद्या चेक देते म्हणाल्या. मी सगळं बोलून टाकलं — एकोणऐंशी सह्या झाल्यात, ऐंशीवी मी उद्या घेणार, समोर टॉवर येणार, ते बनियनवाले माझे बाबा.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग "थँक यू, विनीत." फोन ठेवला. बुकिंग गेलं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. तसं काही वाटलं नाही.

२६ मार्च
बाबांपुढे फॉर्म ठेवला. मुकाट सही केली. म्हटलं, मग इतके दिवस का अडवलंत?

"मी खंय अडवलंय? तुझ्या आवशीन अडवल्यान. तुझो डबो देऊक एकदा कशीबशी जिनो उतरान तुझ्या हापिसात गेल्ली, तेव्हा आयकल्यान तू गिऱ्हाइकाक काय सांगतस ता. म्हणाली, झिलाचा बुकिंग होईस्तोवर सही करू नकात."

आई प्लास्टरचा हात सावरत बाहेर आली. "झाला मां रे तुझा बुकिंग?"

म्हटलं, झालं.