डॉक्टरने न दिलेला चेंडू

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

निळे हरताहेत. सकाळच्या जोड्यांपैकी एकच जिंकली.

दोन खंडांमधली गोल्फची ही स्पर्धा दोन वर्षांनी एकदा येते. मागच्या वेळी माझा दोस्त डॉक्टर इथेच बसला होता – मोजे काढून, पाय टीपॉयवर. सूनबाईने खिडकी उघडली होती. आता त्या सोफ्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

घड्या घालता घालता ती थांबली. "बाबा, दोघांत एकच चेंडू?" सांगितलं – एक फटका याचा, पुढचा त्याचा.

"आणि याने झुडपात घातला तर?"

तर त्याने झुडपातून मारायचा.

"एक शब्द न बोलता?"

न बोलता.

"मग हे आमच्याकडे रोजच चालतं," म्हणाली, आणि नवऱ्याचा शर्ट जरा जोरात झटकला. नवरा म्हणजे माझाच मुलगा. तरी हसलो.

चहा दिला. हल्ली कप अर्धाच भरते. बाकी कशात काटकसर दिसत नाही.

शुक्रवार, संध्याकाळ

औषधं आणायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "डॉक्टरसाहेब कायमचे चालले ना मुलीकडे, सोमवारी. तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

हो म्हणालो.

माहीत नव्हतं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

लाल संघातल्या एकाचा चेंडू होलपासून वीतभर राहिला. समोरच्याने मान हलवली – दिला, उचल. मारून दाखवायची गरज नाही. एवढ्यावरून तू चुकणार नाहीस, हे मला मान्य आहे. नियमाची सक्ती नाही. समोरच्याची मर्जी.

गेल्या वर्षी माझा चेंडू असाच होता. गिरणीमागचं मैदान, शेवटचा होल, दोघे बरोबरीत. इतक्या जवळचा चेंडू आम्ही एकमेकांना कायम देत आलो. मी उचलायला वाकलोसुद्धा. डॉक्टर म्हणाला, "मार."

चेष्टा वाटली.

"मार ना, मास्तर. बघू दे."

मारला. होलच्या कडेने फिरून बाहेर. मागून येणाऱ्या जोडीतलं कुणीतरी हसलं. मी पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. सूनबाईला म्हटलं, झोपलोय म्हणून सांग. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून त्याचा आवाज ऐकत होतो. नंतर फोन आले. घेतले नाहीत. मग फोन यायचे थांबले, आणि त्याचाही मला राग आला.

दातांचा डॉक्टर. माझी कवळी त्याच्याच हातची. वर्षभर त्याच्याच दातांनी जेवतोय आणि त्याच्याशी बोलत नाहीये.

बायको असती तर म्हणाली असती, "पुरे आता. म्हातारे झालात." ती नाही. असं म्हणणारं कुणी उरलं नाही की माणूस अडून बसतो तो बसतोच.

दुपारी फोन हातात घेतला. काय बोलणार? निळे हरताहेत म्हणून सांगू?

ठेवला.

रविवार, ५ ऑक्टोबर

बेल वाजली. सूनबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बोलावलंय. रागवायचं असेल तर उद्या रागवा." आणि दार उघडायला गेली.

डॉक्टर. वाळलाय. दारातूनच म्हणाला, "काय मास्तर, माझी जागा कपड्यांना दिलीस?"

कपडे उचलले गेले. तो बसला. मोजे काढले. सूनबाई उठली आणि खिडकी उघडली.

आज एकाशी एक. निळ्यांनी धडाका लावला.

"तुझे निळे पहिले दोन दिवस झोपा काढतात."

"आणि तुझे लाल तिसऱ्या दिवशी."

इतकं सोपं होतं. वर्षभर मी काय करत होतो?

संध्याकाळकडे एका लाल खेळाडूने समोरच्याचा अगदी जवळचा चेंडू दिला नाही. मारायला लावला. त्याने मारला, गेला आत. मी डॉक्टरकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघतच नव्हता. मान खाली, नजर माझ्या मांडीवर कुठेतरी. वाटलं, ओशाळलाय. खरं लिहितो – मला बरं वाटलं.

शेवटी बरोबरी. बरोबरी झाली की चषक आधीच्या विजेत्यांकडेच राहतो, म्हणजे लालांकडे. तो उड्या मारेल असं वाटलं होतं. नुसता उठला.

निघताना माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ.

"तिकडे येत जा."

"तूच ये."

माफी त्याने मागितली नाही. मीही नाही. त्याला जेवायला थांब म्हणायला हवं होतं. तो जिना उतरून गेल्यावर सुचलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टरचा फोन, स्टेशनवरून.

"काल तोंडावर बोलवेना. त्या दिवशी तुझा चेंडू दिला नाही, कारण मला तुझा हात बघायचा होता. थरथरत होता. मी दातांचा माणूस, मला खात्री नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणाला बोललो नाही. तुलाच सांगायला आलो होतो दुसऱ्या दिवशी. काल नीट बघितला. वाढलंय, मास्तर. इथल्या मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. उद्या जा."

मी विचारलं, तेव्हाच गेलो असतो तर?

मागे गाडीची घोषणा चालू होती. ती संपली.

मग म्हणाला, "फोन सूनबाईकडे दे."