चिंचोक्याच्या खळीत मी काय मिसळलं

अप्पा, परवा आमच्या प्रयोगशाळेमागच्या मातीत पुरलेले पुठ्ठ्याचे खोके उकरले. जोड सुटले होते, बोटांनी चाचपलं तरी गोंदाचा मागमूस नव्हता. असेच खोके पावसाळाभर नांदेडच्या दमट गोदामात घट्ट टिकले होते. हवा होता तस्साच गोंद: ओलीत धरणारा, मातीत विरणारा. मी तिथंच मातीत बसले. इतकी वर्षं एकच रड होती, की झाडापासून केलेला गोंद कोरड्यात धरायचा आणि ओलीत सोडून द्यायचा. समुद्रातले शिंपले पाण्यातही खडकाला धरून राहतात. ते ज्याच्या जोरावर, त्याच्या जवळचं काहीतरी बाभळीच्या सालीत असतं. त्या सालीचा अर्क चिंचोक्याच्या पिठात बसवता बसवता माझे केस पांढरे झाले. पण जमलं एकदाचं. चिंचोका तर तुमचाच.

भूकंपानंतरचं लातूर. आपलं बाइंडिंगचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मागं माय भाकरी थापतेय आणि शेजारच्या चुलीवर तुम्ही खळ ढवळताय. चिंचोके भाजून, सालं काढून दळलेलं पीठ, आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. एक दिवस पडलेल्या गावातले हेडमास्तर शाळेचं रजिस्टर घेऊन आले. ढिगाऱ्यातून काढलेलं, चिखलानं गच्च. "एवढंच राहिलंय शाळेचं," ते म्हणाले. तुम्ही पुस्तकाच्या पाठीवर कोमट पाण्याचं फडकं ठेवलं, जुनी खळ सैल होऊ दिली, आणि एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलं. हेडमास्तर दोरीखाली उभे राहून पोरांची नावं वाचत होते. मी मधेच विचारलं, "अप्पा, कायमचं पक्कं का चिकटवत न्हाई तुम्ही?" तुम्ही खेकसलात, "कायमचं चिकटवलं असतं तर आज ही पानं सुटली असती का? डोकं चालव की जरा!" परक्या माणसापुढं बोललात म्हणून मला लई राग आला. कितीतरी दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही.

पुढं गल्लोगल्ली क्लासेसचे बोर्ड लागले, बाहेरगावची पोरं आली, नोट्सचे गठ्ठे आले. मी बारावीला ज्या क्लासला जायचे, त्यांच्याच नोट्स तुमच्याकडं बांधायला यायच्या. मुली नाक मुरडायच्या, "आंबूस वास येतो गं ह्या नोट्सना." दुसऱ्या दुकानांत तयार पांढरा गोंद आला होता. एका दुपारी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी त्याचा अख्खा डबा तुमच्या खळीत ओतला आणि ढवळला. तुम्ही त्यानंच सगळा गठ्ठा बांधलात. वाळल्यावर पाठी लाकडासारख्या झाल्या, नोट्स उघडल्या की मोडायच्या, पानं हातात यायची. क्लासचे सर गठ्ठे घेऊन आपल्या दारात आले. मी दाराआड. आता माझं नाव निघणार, एवढंच डोक्यात. तुम्ही नोट्सची एक प्रत उघडून बघितलीत, पाठीवरून अंगठा फिरवलात, आणि म्हणालात, "सर, माझा हात चुकला." तो गोंद पाण्यानं सुटेना. आठवडाभर तुम्ही एकेक पाठ सुरीनं कापून पुन्हा बांधत होता आणि मी शेजारी बसून पानं जुळवत होते. डब्याचं बोलले नाही. माझं एम.एस्सी. पुरं व्हायच्या आत तुम्ही गेलात, तोवरही बोलले नाही.

खोके उकरले त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूरला गेले. माय मेथी निवडत होती. तिला गोंदाचं सांगितलं, आणि त्याच भरात खळीत ओतलेल्या डब्याचंही सांगून टाकलं. तिनं मान वर केली नाही.

"त्यांना म्हाईत होतं की."

"काय म्हाईत होतं?"

"सरांनी आणलेल्या नोट्सला हात लावताच कळलं त्यांना. मी म्हणले, पोरीला विचारा तरी. तर म्हणले, सरांपुढं तिचं नाव निघालं असतं तर ती परत क्लासला गेली नसती. ऱ्हाऊ दे. तिला तिचं कळंल."

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून कबूल करते. माय हे बोलली तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, अप्पा. वाटलं ते निव्वळ हायसं. भूक लागली. त्या दिवशी मी मायच्या हातच्या तीन भाकरी खाल्ल्या.