हात खाली

१७ फेब्रुवारी
प्रमिलाबाईंनी आज बॅनर आणला. आमच्या कराटे क्लासपेक्षा मोठा! भोपाळच्या बाग सेवनिया भागातल्या वस्तीतल्या बावीस मुली कडेकडेने, मधोमध स्वतः प्रमिलाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई — मूठ वळलेली, अंगठा आत. अशा मुठीने ठोसा मारला तर बाईंचाच अंगठा मोडेल. बोलले नाही. चटया मंडळाच्या आहेत, आणि आठ मार्चला पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक आहे.

१८ फेब्रुवारी
सगळ्या खिदळतात. एकटी कल्पना लाथ अशी मारते की समोरची दोन पावलं मागे. पंधरा वर्षांची आहे फक्त.

२० फेब्रुवारी
आज हीच कल्पना ठोसा अडवताना हात पार कपाळावर घेऊन उभी. पोट उघडं! जन्म भोपाळात गेला, तरी चिडले की माझ्या तोंडून मराठीच येतं. ओरडले, "हात खाली कर!" पोरगी क्षणभर थांबली. मग हातातल्या लाल बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि खिडकीत ठेवल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला — हिंदीत खाली म्हणजे रिकामं! घरी नवऱ्याला सांगितलं, तो जेवता जेवता हसत सुटला.

२३ फेब्रुवारी
हसू पार आटलं. बांगड्या सगाईच्या निघाल्या! मुलाकडच्यांनी गेल्याच आठवड्यात घातलेल्या. पोरगी त्या परत घालायला तयार नाही, एकच पालुपद — मॅडमनी सांगितलं. मुलाकडचे म्हणतात अपशकुन झाला, रिश्ता मोडतो. तिची आई मला दम देऊन गेली, रिश्ता मोडला तर वस्तीतली एकही मुलगी क्लासला येणार नाही. मग प्रमिलाबाईंचा फोन. "मधुरा, निस्तर हे. पाहुण्यांना काय नुसत्या चटया दाखवू?"

पंधरा वर्षांच्या पोरीची सगाई, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. ब्लॅक बेल्ट म्हणे! लाज वाटते. पण क्लास बंद पडला तर बाकीच्या एकवीसजणींचं काय, असं स्वतःला समजावतेय.

२५ फेब्रुवारी
निस्तरलं! कल्पनाच्या घरी, मुलाकडच्यांसमोर, हिंदी-मराठीवर चांगलं अर्धा तास व्याख्यान झोडलं — आम्हा मराठी लोकांत खाली म्हणजे नीचे! हात वर-खाली करून दाखवले. मुलाचा बाप हसून हसून डोळे पुसत होता. मला कचोरी, दोनदा चहा. आईने तिथल्या तिथे पोरीच्या हातात बांगड्या चढवल्या. क्लास वाचला. कल्पना तेवढी हसली नाही. तिला विनोद कळला नसावा.

२६ फेब्रुवारी
आज क्लास सुटल्यावर कल्पना चटया गुंडाळायला मागे थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, खाली मतलब नीचे, मुझे मालूम था. तीन साल एक मराठी घर में बर्तन माँजे हैं."